१२३४५६७८९८७६५४३२१ : एवढी मोठी संख्या वही-पेन्सिलने कशी उघडायची

सतरा अंकी संख्या समोर आली की बहुतेकांचा हात आधी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरकडे जातो, आणि माझं म्हणणं असं आहे की निम्मी मजा तिथेच जाते. १२३४५६७८९८७६५४३२१ हीच घ्या. वहीचं एक पान, पेन्सिल आणि शाळेतलं सातवी-आठवीचं गणित एवढ्यावर हिचं वर्गमूळ निघतं, मूळ अवयव निघतात, विभाजक किती आहेत ते कळतं, आणि शेवटी हिच्या पोटात एक काटकोन त्रिकोण आहे तोसुद्धा सापडतो. फक्त क्रम पाळायचा, आधी संख्येकडे नीट बघायचं आणि मग भागाकाराला बसायचं. पुढे तोच क्रम लिहिते, म्हणजे दुसरी कुठलीही मोठी संख्या आली तरी तुम्हाला सुरुवात कुठून करायची ते कळेल.

आधी मशीन बाजूला का ठेवायचं ते

ही संख्या एक्सेलमध्ये टाइप करून बघा. सेलमध्ये १.२३ आणि पुढे ई असलं काहीतरी दिसेल, आणि वर फॉर्म्युला बारमध्ये बघितलं तर १२३४५६७८९८७६५४३०० आलेलं असेल, शेवटचे २ आणि १ गायब. एक्सेल १५ अंकच जपून ठेवतं, त्याच्या पुढचे सगळे शून्य करतं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला (वेबसाइट ज्या प्रोग्रामिंग भाषेत चालतात ती) १११११११११ गुणिले १११११११११ विचारा, उत्तर १२३४५६७८९८७६५४३२० येतं, शेवटी १ च्या जागी ०. कारण त्यात साध्या संख्या ज्या पद्धतीने साठवतात त्यात २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतच प्रत्येक पूर्ण संख्या बरोबर बसते, त्याच्यापुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्याच बसतात आणि आपली तर विषम आहे.

एकाच अंकाचा फरक आहे ना, असं वाटेल, पण संख्येचे गुणधर्म बघायचे असतील तर तो एक अंकच सगळं आहे. शेवटचा अंक बदलला की विषमची सम झाली, ३ ने जाणारा भाग जायचा थांबला, वर्ग होता तो वर्ग राहिला नाही. म्हणून मशीन वापरायचंच असेल तर पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा वापरा, त्यात पूर्ण संख्या कितीही लांब असली तरी एकही अंक हरवत नाही. पण ते नंतर, पडताळ्यासाठी.

वाचून घ्या, मोठ्याने

उजवीकडून पहिले तीन अंक, मग दोन-दोन, असे स्वल्पविराम द्या: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. आता कोटीत वाचा. १२३४५६७८९८ कोटी, ७६ लाख, ५४ हजार, ३२१. कोटीच्या आधीचा आकडासुद्धा पुन्हा फोडला तर एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, एवढं होतं. भास्कराचार्यांनी एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत १८ स्थानं दिली आहेत, त्यातलं १७ वं स्थान मध्य, आणि आपला सर्वात डावीकडचा १ तिथे बसतो, म्हणजे परार्धाच्या एक पायरी खाली. वाचण्याचा फायदा असा की अंक मोजताना चूक होत नाही, आणि मोठ्या संख्येत सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात, एक अंक जास्त किंवा एक कमी.

आता आकार बघा

डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, तीच संख्या. १ पासून ९ पर्यंत चढते आणि परत १ पर्यंत उतरते. असा आकार दिसला की एक प्रश्न लगेच विचारायचा, हा कुठल्यातरी गुणाकारातून आलाय का?

१११ ला १११ ने वहीत उभं गुणून बघा. १११ च्या तीन ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, आणि खाली बेरीज करताना पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणून १२३२१. बेरीज म्हणजे फक्त त्या रकान्यात किती १ आहेत त्याची मोजणी. नऊ वेळा १ घेऊन त्याचा वर्ग केला तर मधल्या रकान्यात नऊ १ येतात, ९ हा एकच अंक, हातचा काही नाही, म्हणून डोंगर न मोडता पूर्ण उभा राहतो. म्हणजे आपली संख्या १११११११११ चा वर्ग असणार.

या वर्गांना, म्हणजे १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा रांगेला, डेम्लो संख्या म्हणतात आणि हे नाव दिलं आपल्या गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. मुंबईपासून साधारण ३० मैलांवरच्या, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली, त्या स्टेशनवरून डेम्लो, आणि ते स्टेशन म्हणजे आताचं डोंबिवली असं सांगतात. कापरेकर डहाणूत जन्मले, १९०५ साली, फर्ग्युसनला शिकले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिकवत होते. पीएचडी नाही, एमएस्सी नाही. ६१७४ चा शोध त्यांचाच (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करत राहायचं, शेवटी हीच संख्या येते). १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे जगभर नाव झालं. मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटतो तो यासाठी की त्यांनी जे काही केलं ते अंकांकडे बघून केलं, वहीत केलं, आणि आपण आज जे करतोय ते त्यांच्याच वाटेने करतोय.

वर्ग आहे हे सिद्ध कसं करायचं

आकारावरून अंदाज आला, पण समजा आकार ओळखता आला नसता तर? कुठलीही मोठी संख्या पूर्ण वर्ग आहे का बघायला आधी स्वस्तातल्या चाचण्या लावायच्या. शेवटचा अंक २, ३, ७ किंवा ८ असेल तर वर्ग नाहीच, विषय संपला. इथे १ आहे, चालेल. विषम वर्गाचा दशक स्थानचा अंक सम असतो, इथे २ आहे, चालेल. विषम वर्गाला ८ ने भागलं की बाकी १ च उरते, आणि ८ साठी शेवटचे तीन अंक पुरतात, ३२१ भागिले ८, बाकी १, चालेल. अंकांची बेरीज पुन्हा पुन्हा करून एक अंक उरवला की तो १, ४, ७ किंवा ९ यातलाच हवा, इथे ९ उरतो. या सगळ्या चाचण्यांतून पास झाली म्हणजे वर्ग आहेच असं नाही, हे मात्र लक्षात ठेवा, नापास झाली तर नक्की नाही एवढंच त्या सांगतात.

मग खरं वर्गमूळ काढायचं, भागाकार पद्धतीने, जी हल्ली शाळेत घाईघाईत उरकतात. या धाटणीची पद्धत आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या आसपास श्लोकात सांगून ठेवली आहे. उजवीकडून दोन-दोनच्या जोड्या करा: १ | २३ | ४५ | ६७ | ८९ | ८७ | ६५ | ४३ | २१. नऊ गट, म्हणजे वर्गमूळ नऊ अंकी.

पहिला गट १, त्याचं मूळ १, बाकी ०. खाली २३ उतरवा. आतापर्यंतच्या मुळाची दुप्पट २, तिच्यापुढे असा अंक लावायचा की त्याच अंकाने गुणल्यावर २३ च्या आत राहील, २१ गुणिले १, बाकी २. खाली ४५, झाले २४५. मुळाची दुप्पट २२, पुढे १ लावून २२१, बाकी २४. खाली ६७, झाले २४६७, वजा २२२१, बाकी २४६. मग २४६८९ वजा २२२२१, बाकी २४६८. मग २४६८८७ वजा २२२२२१, बाकी २४६६६. मग २४६६६६५ वजा २२२२२२१, बाकी २४४४४४. मग २४४४४४४३ वजा २२२२२२२१, बाकी २२२२२२२. शेवटी २१ उतरवले की २२२२२२२२१, वजा २२२२२२२२१, बाकी शून्य. प्रत्येक पायरीला मुळात १ च लागतो, आणि बाकीचे आकडे बघा कसे येतात, २, २४, २४६, २४६८, आणि मग तिथून दिशा बदलते. हे स्वतः एकदा लिहून काढाच, नुसतं वाचून त्यातला आनंद मिळत नाही.

अंकांची बेरीज

१ ते ९ ची बेरीज ४५, ८ ते १ ची ३६, एकूण ८१. आता कापरेकरांचीच दुसरी व्याख्या, हर्षद संख्या: जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो का? इथे खूप जण एक घाईचा निष्कर्ष काढतात, बेरजेला ८१ ने भाग जातो म्हणजे संख्येलाही जाणार. नाही. ३ आणि ९ पुरतंच ते खरं आहे. ९९८१ ची बेरीज २७ आहे पण ९९८१ ला २७ ने भागलं तर १८ उरतात. बेरजेची युक्ती ९ च्या पुढे चालत नाही.

इथे मात्र वर्गमूळ हातात आहे. १११११११११ ची बेरीज ९, म्हणून त्याला ९ ने भाग जातो, म्हणून त्याच्या वर्गाला ८१ ने जातो. झालं, हर्षद आहे.

मग मला वाटलं की १ पासून इथपर्यंतच्या नऊही डेम्लो संख्या हर्षद असतील का. n वेळा १ लिहून केलेल्या वर्गाच्या अंकांची बेरीज n चा वर्ग येते (१२१ ची ४, १२३२१ ची ९, १२३४३२१ ची १६), म्हणून प्रश्न एवढाच उरतो की n वेळा १ लिहिलेल्या संख्येला n ने भाग जातो का. n सम असेल तर नाही कारण संख्या विषम. ५ असेल तर नाही कारण शेवटी १. ७ असेल तर १११११११ ला ७ ने सरळ भागा, बाकी १ येते, म्हणजे तेही नाही. उरले १, ३ आणि ९. म्हणजे नऊपैकी तीनच हर्षद आहेत, १, १२३२१ आणि आपली ही. एका संख्येचा गुणधर्म सापडला की तिच्या भावंडांना पण तोच प्रश्न विचारायचा, कारण उत्तर का येतं ते तिथे कळतं.

गट पाडा, हे सगळ्यात कामाचं

मोठ्या संख्येला लहान संख्यांनी एक-एक करत भागत बसण्यापेक्षा गट पाडून बेरीज करणं कितीतरी सोपं. १००० ला ९९९ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून कुठलीही संख्या तीन-तीन अंकांच्या गटांत तोडून गटांची बेरीज केली तर ९९९ च्या बाबतीत बाकी बदलत नाही. आपली संख्या: १२ | ३४५ | ६७८ | ९८७ | ६५४ | ३२१. बेरीज २९९७, म्हणजे ३ गुणिले ९९९. आणि ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. एका बेरजेत कळलं की २७ ने भाग जातो, ३७ नेही जातो. ३७ ने भाग जाण्याची कसोटी शाळेत कुणी शिकवत नाही, पण ही घ्या, तयार आहे.

तेच गट आता एक आड एक अधिक-वजा करा. १००० ला १००१ ने भागताना बाकी वजा १ समजायची, आणि १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३, म्हणून एका फटक्यात तिघांची चाचणी होते. ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. आता ३०९ ला ७ ने भागा, बाकी १. ११ ने, बाकी १. १३ ने, बाकी १०. तिघांपैकी कुणीच विभाजक नाही.

आणि आता नऊ-नऊ अंकांचे गट पाडा: १२३४५६७८ | ९८७६५४३२१. बेरीज करा. ९९९९९९९९९. नऊ वेळा ९! म्हणजे आपल्या संख्येला ९९९९९९९९९ ने पूर्ण भाग जातो, आणि भागाकार येतो १२३४५६७९, ज्यात ८ नाही. पडताळा सोपा आहे, १२३४५६७९ ला ९९९९९९९९९ ने गुणायचं म्हणजे त्याच्यापुढे नऊ शून्य लिहून त्यातून १२३४५६७९ वजा करायचे, १२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१. मला विचाराल तर या संख्येबद्दलची सगळ्यात सुंदर ओळ हीच.

वर्ग दोन भागांत तोडून बेरीज करणं ही पण कापरेकरांचीच सवय. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. अशांना कापरेकर संख्या म्हणतात. आपल्याकडे बेरीज मूळ संख्येएवढी येत नाही, तिच्या बरोबर नऊ पट येते, म्हणून १११११११११ ही कापरेकर संख्या नाही. पण ९९९९९९९९९ आहे, तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१ आणि दोन भागांची बेरीज परत ९९९९९९९९९.

मूळ अवयव

वर्ग आहे हे कळल्यामुळे सतरा अंकी संख्येशी झगडायचं कारणच नाही, नऊ अंकी मुळाचे अवयव काढा आणि प्रत्येकाचा घात दुप्पट करा. आणि १११११११११ ला पण थेट भिडू नका, परत गट: १११ | १११ | १११, म्हणजे १११ गुणिले १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ गुणिले ३७. आणि १००१००१ ची अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो, ३ गुणिले ३३३६६७. तर १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

इथपर्यंत सगळे येतात, प्रश्न असतो ३३३६६७ ही मूळ संख्या आहे का याचा. ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४, म्हणून ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल, आणि त्या आहेत १०६. हे करता येतं, एका संध्याकाळचं काम आहे, पण एक शॉर्टकट आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

समजा p ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. ३३३६६७ ने १११११११११ ला भाग जातो, म्हणजे ९९९९९९९९९ लाही जातो, म्हणजे p ने १० च्या ९ व्या घाताला भागलं की बाकी १. आता १०, १००, १००० असं p ने भागत गेलं तर बाकी १ पहिल्यांदा कितव्या घाताला येईल? तो आकडा ९ चा विभाजक असला पाहिजे, म्हणजे १, ३ किंवा ९. पहिल्याच घाताला आली तर p ने ९ ला भाग जातो, p म्हणजे ३. तिसऱ्या घाताला आली तर p ने ९९९ ला भाग जातो, p म्हणजे ३७. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ नाही, आणि ३७ गुणिले ९०१८ = ३३३६६६, एकच उरतो, म्हणून ३७ पण नाही. मग ९ व्याच घाताला येणार. आणि फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी १६४० मध्ये सांगितलेला नियम असा की हा आकडा p − १ चा विभाजक असतोच. म्हणून p − १ ला ९ ने भाग जातो, p विषम आहे म्हणून १८ ने जातो.

झालं, १०६ मधून आता फक्त १८ च्या पाढ्यात १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या उरल्या: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सोळा भागाकार. १९ ने भागलं तर ८ उरतात, ७३ ने ५७, शेवटच्या ५७७ ने १६१, मधल्यांपैकी कुणीच पूर्ण जात नाही. म्हणून ३३३६६७ मूळ आहे. वरच्या तर्कातून अजून एक गोष्ट फुकट मिळते, १ भागिले ३३३६६७ दशांशात लिहिलं तर नऊ-नऊ अंकांची पुनरावृत्ती होते, आणि बरोबर नऊ अंकांची पुनरावृत्ती असणारी ही जगातली एकमेव मूळ संख्या आहे.

तर आपली संख्या म्हणजे ३ चा ४ था घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग.

अवयव मिळाल्यावर पुढचं पटापट

विभाजक किती? ३ शून्य ते चार वेळा घेता येतो, पाच पर्याय, ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन. ५ × ३ × ३ = ४५. विषम आकडा आला, पूर्ण वर्गाला नेहमी विषमच येतो कारण बाकी विभाजक जोड्यांनी येतात आणि वर्गमूळ एकटं राहतं. सुरुवातीचे विभाजक १, ३, ९, २७, ३७, ८१, १११ असे.

सगळ्या विभाजकांची बेरीज: (१ + ३ + ९ + २७ + ८१) म्हणजे १२१, गुणिले (१ + ३७ + १३६९) म्हणजे १४०७, गुणिले (१ + ३३३६६७ + १११३३३६६६८८९) म्हणजे १११३३४०००५५७. गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९. त्यातून स्वतःला वजा केलं की ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, संख्येच्या निम्म्याहून थोडे जास्त, म्हणून परिपूर्ण संख्या (जिच्या स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते ती) नाही, कमी भरणारी आहे. (पहिलाच कंस १२१, तो पण डेम्लो, हे बघून छान वाटलं.) घन नाही, कारण घातांना ३ ने भाग जात नाही. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या किती ते हवं असेल तर संख्येला २/३, ३६/३७ आणि ३३३६६६/३३३६६७ ने गुणा, ८००७९८३९९१९९२०१६ येतात.

आणि तो त्रिकोण

हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवलाय कारण अवयव हातात नसताना हे दिसतच नाही. प्रश्न असा, १११११११११ हा कर्ण असलेला, तिन्ही बाजू पूर्ण संख्यांत असलेला काटकोन त्रिकोण आहे का? नियम असा की कर्णाच्या मूळ अवयवांपैकी निदान एकाला ४ ने भागून बाकी १ उरायला हवी. ३ ला बाकी ३. ३३३६६७ ला, शेवटचे दोन अंक ६७ बघा, बाकी ३. पण ३७ ला बाकी १! एकटा ३७ आहे, म्हणून त्रिकोण पण एकच.

३७ चं त्रिकूट १२, ३५, ३७, पडताळून बघा, १४४ + १२२५ = १३६९. आता १११११११११ भागिले ३७ म्हणजे ३००३००३. दोन्ही बाजूंना त्याने गुणा. १२ × ३००३००३ = ३६०३६०३६, आणि ३५ × ३००३००३ = १०५१०५१०५. म्हणजे

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १२३४५६७८९८७६५४३२१

एवढे मोठे आकडे पडताळायला जड वाटत असतील तर छोटं रूप घ्या, ३६ चा वर्ग १२९६, १०५ चा ११०२५, बेरीज १२३२१. म्हणजे १११ चा वर्ग. हाच त्रिकोण १००१००१ पट मोठा केला की आपला मिळतो. १२१ ला मात्र असा त्रिकोण नाही, कारण ११ ला ४ ने भागून बाकी ३ उरते.

स्वतः करून बघायला

दहा वेळा १ घ्या, ११११११११११, आणि त्याचा वर्ग वहीत उभा मांडा. मधल्या रकान्यात दहा १ येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि डोंगर मोडतो, १२३४५६७९००९८७६५४३२१. उलट वाचली तर आता तीच संख्या येत नाही. अंकांची बेरीज ८२ आली पाहिजे, नाही आली तर मांडणी परत तपासा, आणि बेरीज सम, संख्या विषम, म्हणून हर्षद नाही हे भागाकार न करताच कळलं. अवयवांसाठी यावेळी तीन-तीनचे नाही, पाच-पाचचे गट पाडा, १११११ गुणिले १००००१. पहिल्यातून ४१ आणि २७१ निघतील, दुसऱ्यातून ११ आणि ९०९१. चौघांपैकी फक्त ४१ ला ४ ने भागून १ उरते, त्याचं त्रिकूट ९, ४०, ४१, आणि ११११११११११ ला ४१ ने भागलं की २७१००२७१. त्रिकोणाच्या बाजू २४३९०२४३९ आणि १०८४०१०८४० याच आल्या पाहिजेत.